प्रत्यंचा आणि रापी

चामड्याचं काम शिकायचं मनात आलं की लोक पाकिटापासून सुरुवात करतात. मला ते पटत नाही. पाकीट ही लाडावलेली वस्तू आहे. ते खिशात बसून राहतं, त्याच्यावर कसला ताण येत नाही आणि टाके वाकडे पडले तरी ‘हाताने केलंय ना’ म्हणून त्यांचंही कौतुक होतं. ज्याला भेट द्यावं तो ते कपाटात ठेवतो आणि जुनंच वापरतो. आपल्याला काही जमलं की नाही, हे शेवटपर्यंत कळत नाही. पहिली वस्तू अशी असावी की तिची परीक्षा घेणाऱ्याला आपली भीडभाड नसेल. धनुष्याची प्रत्यंचा तसा परीक्षक आहे.

धनुर्धराच्या अंगावर चामडं तीन जागी असतं. धनुष्य धरणाऱ्या हाताच्या आतल्या बाजूला पट्टा, प्रत्यंचा ओढणाऱ्या तीन बोटांवर एक छोटा तुकडा आणि कमरेला भाता. मैदानावर मुलं त्यांना आर्मगार्ड, टॅब आणि क्विव्हर म्हणतात. मीही तेच म्हणते, फक्त भात्याला भाता. तिन्हींना मिळून तीन-चार चौरस फूट चामडं पुरतं. पट्ट्यात आकार देणं आणि कडा घासणं शिकून होतं, टॅबमध्ये नेमकं कापणं, भात्यात लांब शिवण. पाकिटात यातलं निम्मंच येतं.

माझी लेक धनुर्विद्येच्या वर्गाला जाऊ लागली आणि डाव्या हातावर जांभळा वळ घेऊन घरी आली. शिकाऊ मुलांच्या हाती वीस-पंचवीस पौंडांचं धनुष्य देतात. तेवढ्याने काय होणार असं वाटतं, पण बाण सुटताना प्रत्यंचा कोपराच्या खाली चाटून गेली की डोळ्यांत पाणी येतं. प्रशिक्षक सांगतात, कोपर बाहेर वळव, धनुष्य मुठीत आवळू नकोस. ते बरोबरच आहे. हात नीट धरला तर प्रत्यंचा सहसा हाताला लागत नाही. पण ती सवय अंगात मुरेपर्यंत काय करायचं? एकदा फटका खाल्लेलं मूल पुढच्या वेळी बाण सोडायच्या आधीच हात आखडतं आणि मग बाण लक्ष्य सोडून भलतीकडेच जातो. आर्मगार्डमुळे कातडी वाचतेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे हाताची धास्ती जाते. बाजारात प्लॅस्टिकचा आर्मगार्ड काहीशे रुपयांत मिळतो आणि वाईट नसतो, हेही सांगून टाकते. ज्याला फक्त बाण मारायचेत त्याने तोच घ्यावा. मला मात्र तो स्वतः करून बघायचा होता.

आम्ही राहतो चांद्यात. नांदे-चांदे अशी जोडीनेच नावं घेतली जाणारी ही मुळशीतली गावं. एका अंगाला हिंजवडीच्या कंपन्या, दुसऱ्या अंगाला लवळ्याच्या टेकड्या, आणि मधल्या भातखाचरांच्या कडेला आता इमारतींच्या जाहिरातींचे फलक. इथे चामडं आणि शिकवणारा कुठून मिळणार, म्हणून मी आधी फोनवर शोधाशोध केली. पुण्यात शनिवार-रविवारच्या ‘लेदरक्राफ्ट’ कार्यशाळा होतात, गार खोलीत, कॉफीसकट. फी ऐकून मी हिंजवडीच्या रस्त्याला टपरीत बसणाऱ्या मामांकडे गेले. दिवसभर ते आयटीवाल्यांच्या बुटांचे सोल चिकटवतात आणि बॅगांच्या चेन बदलतात. मी प्लॅस्टिकचा आर्मगार्ड त्यांच्यापुढे ठेवला.

‘‘मामा, असंच चामड्याचं करायचंय. शिकवाल का?’’

त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. ‘‘करून देतो की. शिकायचं कशाला, ताई?’’

‘‘हाताने करून बघायचंय.’’

‘‘हात काळं होत्यात.’’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘‘पण हे बरं हाय. ह्याला ताण हाय. ताणात शिवण कळती.’’

पाकिटाबद्दलचं माझं मत तिथूनच आलेलं आहे, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

मामांनी पहिला धडा चामड्याच्या जातीचा दिला. बुटाच्या वरच्या भागाचा एक मऊ तुकडा माझ्या हातात देऊन त्यांनी तो दुमडायला लावला. सोडला की तो पुन्हा पूर्ववत. हे क्रोमचं चामडं. क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याची रीत एकोणिसाव्या शतकात निघाली आणि आज जगातलं बहुतेक चामडं तसंच कमावलं जातं, कारण जे काम सालीपाल्याला कित्येक आठवडे लागतं ते तिथे दिवसाच्या हिशोबात उरकतं. ते मऊ असतं, पाण्याला दाद देत नाही, पण आकारही धरत नाही. मग त्यांनी तळाच्या चामड्याचा, कडक, पिवळसर-तपकिरी तुकडा काढला. कोल्हापुरी चपलेचा तळ असतो तशातला. तो पाण्यात बुडवून काढला, गुडघ्यावर दाबला आणि माझ्या हातात दिला. गुडघ्याची वाटी त्यात उमटली होती. ‘‘हे घ्या. हे ऐकतं.’’

हे ऐकणारं चामडं म्हणजे झाडाच्या रसात कमावलेलं. कोल्हापूरच्या परंपरेत त्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा लागतो. चुन्यात घालून केस काढलेलं कातडं पिशवीसारखं शिवतात, त्यात साल आणि हिरड्याचा रगाडा पाण्यासह भरतात आणि ती पिशवी टांगून ठेवतात. रस कातड्यातून झिरपत खाली येतो, तो पुन्हा वर ओततात. असं होता होता रसातलं टॅनिन कातड्याच्या तंतूंना घट्ट बिलगतं आणि जे चार दिवसांत सडलं असतं ते पिढीभर टिकतं. यातला हिरडा मला परका नाही. ताम्हिणीच्या बाजूला, मुळशीच्या वरच्या गावांच्या रानात हिरड्याची झाडं आहेत. जुन्नर-आंबेगावकडे तर आदिवासी कुटुंबं हिरडा गोळा करून विकतात. बाळहिरडा औषधाला जातो, मोठा हिरडा रंगाला आणि कातड्याला. आमच्या फडताळात खोकल्यासाठी ठेवलेला हिरडा आणि लेकीच्या हातावरचा पट्टा एकाच रसाचे, ही गोष्ट मला अजून आवडते.

या रसाची एक खोडही आहे. ओल्या चामड्याला लोखंड लागलं की तिथे निळा-काळा डाग पडतो, आणि तो काही केल्या निघत नाही. मामांनी म्हणूनच मला चिमट्याऐवजी सुती नाडी वापरायला सांगितली. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोहाचाच क्षार, यांपासून पूर्वी शाई करत. पोथी लिहिणाऱ्याची दौत आणि चामडं कमावणाऱ्याचं कुंड यांच्यात रसायनाचं अंतर जवळपास काही नव्हतं. माणसांत ठेवलेलं अंतर मात्र गावकुसाइतकं होतं.

चामडं बघून घ्यायचं असतं. तळाचं जाड चामडं आपल्याकडे किलोवर विकतात आणि वरचं पातळ चौरस फुटावर. आर्मगार्डला साधारण तीन मिलिमीटर जाडीचं, जनावराच्या पाठीचं चामडं लागतं. पोटाचं स्वस्त पडतं, पण ते सैल असतं, ओलं झालं की ताणतं आणि परत येत नाही. मी घेतलं ते मामांनी धारावीहून येणाऱ्या एका माणसाकडून मागवून दिलं.

आता प्रत्यक्ष काम. कागदाचा साचा हाताला गुंडाळून बघायचा. मनगटाकडे अरुंद, कोपराकडे रुंद, आणि कोपराच्या घडीच्या दोन-तीन बोटं अलीकडे थांबलेला, नाहीतर हात दुमडताना टोचतो. चामड्यावर आखून रापीने कापायचं. रापी म्हणजे चपट्या पात्याची, पुढे धार असलेली सुरी. आपण घरात सुरी ओढतो, रापी ढकलतात. मामा दगडी फरशीवर चामडं पसरतात, डाव्या पंजाने दाबतात आणि रापी अंगापासून दूर, एका दमात ढकलतात. कडेची जाडी कमी करायची असेल तर पातं जवळजवळ आडवं होतं आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी सालं निघत जातात. मधूनच ते कडेवरून अंगठा फिरवतात. मोजपट्टी त्यांनी कधी हातात घेतलेली मी पाहिली नाही.

मग कापलेला तुकडा कोमट पाण्यात ठेवायचा. आधी त्यातून बारीक बुडबुडे येतात. ते थांबले की पाणी आत पोचलं. बाहेर काढून पृष्ठभाग सुकल्यासारखा दिसेपर्यंत थांबायचं. आतून ओलं आणि बाहेरून कोरडं, अशा वेळी चामडं सर्वांत शहाणं असतं. लेकीच्या हातावर जुना पंचा गुंडाळून त्यावर ते बसवलं, नाडीने बांधलं, आणि तिला हात सरळ धरून बसायला लावलं. आकार धरल्यावर काढून सावलीत वाळवलं. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवलं तर आकसून तडकतं. हे सांगणं भाग आहे, कारण आषाढात चांद्यात काहीही वाळत नाही आणि गॅसजवळ ठेवायचा मोह कुणालाही होतो. पावसाळ्यात या चामड्यावर हिरवट बुरशीही धरते. कोरड्या फडक्याने पुसायचं, वारा लागू द्यायचा आणि मग थोडं तेल पाजायचं. कोल्हापुरीला लोक तेल पाजतात तसंच, पण बेताने. फार प्यायलेलं चामडं मऊ पडतं आणि मऊ आर्मगार्डला सुरकुत्या पडतात. सुरकुतीत प्रत्यंचा अडकते.

प्रत्यंचेची परीक्षा इथे सुरू होते. पट्ट्याच्या ज्या बाजूवरून प्रत्यंचा जाते तिथे गाठ नको, टाका नको, उचललेली कड नको. पाकिटाच्या कडा दिसायला गुळगुळीत करतात. इथे कड खरबरीत राहिली तर प्रत्यंचेचे धागे पिंजतात. म्हणून कडेला थेंबभर पाणी लावून गुळगुळीत लाकडाने घासत राहायचं, ती गरम होऊन चमकेपर्यंत. बांधायच्या नाड्याही अशा हव्यात की एका हाताने बांधता येतील, कारण धनुर्धराचा दुसरा हात तर पट्ट्यातच असतो. बकल लावलेले सुंदर पट्टे मी पाहिलेत. ते लावायला आईला बरोबर न्यावं लागतं.

टॅबची गोष्ट वेगळी. तो तळहाताएवढाही नसतो, पण धनुर्धराची आणि धनुष्याची खरी गाठ तिथेच पडते. बाणाच्या वर एक बोट, खाली दोन, आणि मधे टॅबला बाणापुरती खाच. ही खाच अरुंद झाली तर बाण चिमटला जातो, रुंद झाली तर बोट उघडं पडतं. प्रत्यंचा चामड्याच्या गुळगुळीत बाजूवरून घसरत सुटते, त्यामुळे शेळीचं बारीक दाण्याचं चामडं चांगलं. हौशी लोक घोड्याच्या पुठ्ठ्यावरच्या चामड्याचे, कॉर्डोव्हनचे, टॅब वापरतात. ते अमेरिका-जपानमधून येतं आणि महाग असतं. नवा टॅब लगेच स्पर्धेत नेत नाहीत. वापरता वापरता त्याच्यावर प्रत्यंचेचा चर उमटतो आणि बाण सुटण्याची रीत बसत जाते. म्हणून मुरलेला टॅब हरवला तर चांगला खेळाडूसुद्धा हवालदिल होतो.

इथे एक गंमत सांगते. महाराष्ट्रात धनुर्विद्येचं नाव झालं ते बरंचसं अशा प्रकारामुळे ज्यात बोटांना चामडं लागतच नाही. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी विश्वविजेती झाली आणि नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेऊन सुवर्ण मिळवलं. दोघंही कंपाउंड धनुष्याचे. त्यात प्रत्यंचा बोटांनी न ओढता हातातल्या यांत्रिक रिलीजने सोडतात. ऑलिंपिकमध्ये आजवर आपण पाहिलं ते रिकर्व्ह. सत्तर मीटरवरचं १२२ सेंटिमीटरचं लक्ष्य आणि बोटांवर टॅब. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव, मजुरी करणाऱ्या आईवडिलांचा मुलगा, शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून आणि मग सैन्यातून टोकियोच्या ऑलिंपिकपर्यंत गेला तो याच प्रकारात. लाखांच्या घरातल्या त्या धनुष्यात कार्बन आणि ॲल्युमिनियम असतं, पण जिथे ते माणसाला टेकतं तिथे अजून बहुधा कुठल्यातरी जनावराचं कातडंच आहे.

जुन्या काळीही तसंच होतं. संस्कृत ग्रंथांत धनुर्धराच्या डाव्या हातावरच्या पट्ट्याला गोधा म्हणतात, म्हणजे घोरपड. तिचं कातडं खरखरीत आणि चिवट असतं. आज घोरपडीला हात लावला तर वन्यजीव कायद्याखाली थेट तुरुंग, त्यामुळे कुणी प्रयोग करू नये. अर्जुनाच्या गोष्टी आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. त्याचा गोधा कुणी शिवला, हे आपल्याला विचारावंसं वाटलं नाही.

भात्याबद्दल फार लिहीत नाही. तो म्हणजे एक लांब शिवण आहे. एका दोऱ्याला दोन टोकांना दोन सुया, आधी टोच्याने तिरकं भोक, मग दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोर. ही खोगिराची शिवण. यंत्राच्या शिवणीत एक टाका तुटला की ओळ उसवत जाते. हिच्यात तुटला तरी शेजारचे धरून राहतात. दोरा मेणातून ओढून घ्यायचा, आणि प्रत्येक टाका सारख्याच जोराने आवळायचा. दुपारभर बसलं की बोटं बोलायला लागतात.

आता जे सांगायचं टाळत होते ते. मी घरात चामडं भिजवायला ठेवलं तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी एकजण म्हणाले, ‘‘हे बाहेर अंगणात कर हो.’’ चामड्याला वास येतो, हे खरं. पण तेच चामडं पर्स होऊन दुकानातून आलं असतं तर सोफ्यावर बसलं असतं. चांभार गावगाड्यातला बलुतेदार. विहिरीवरची मोट, बैलाच्या गळ्यातला घुंगरांचा पट्टा, आसूड, वहाणा, सगळं त्याच्या आणि ढोर-मातंगांच्या हातचं. त्याच्या मोटेचं पाणी पिकाला चालायचं, त्याचा हात पाणवठ्याला चालत नसे. बाबासाहेबांनी महाडच्या सत्याग्रहाच्या काळात मेलेली गुरं ओढायचं सोडा म्हणून सांगितलं, ते या कामाच्या तिरस्कारातून नव्हे. कामाबरोबर गळ्यात पडणारा अपमान त्यांना सोडवायचा होता. आणि आता शंभर वर्षांनी तेच काम ‘लेदरक्राफ्ट’ होऊन कॉफीसह शिकवलं जातं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला नाव न घेता मिरवल्या गेल्या, तेव्हा आपण सगळे रागावलो. टीका झाल्यावर त्या चपला मांडणाऱ्या कंपनीने त्यांचं मूळ भारतीय असल्याचं मान्य केलं. राग रास्त होता. पण कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं होतं २०१९ मध्येच, आणि ती शिवणाऱ्याचं नाव आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक होतं?

मामांना मी एकदा विचारलं, मुलगा हे काम करतो का?

‘‘न्हाई. कंपनीत हाय हिंजवडीला. रापी धरायची न्हाई, मीच बोललो त्याला.’’ आवाजात खंत नव्हती. मला वाटलेली खंत ही माझी होती, आणि तिला फारसा अर्थ नाही. कला टिकावी म्हणून कुणाच्या मुलाने टपरीत बसावं, अशी अपेक्षा करणं सोपं आहे, विशेषतः आपला मुलगा बसणार नसेल तेव्हा. रापी ज्यांना नाइलाजाने धरावी लागली त्यांनी ती खाली ठेवली तर ठेवू द्यावी. ज्यांना कधी धरावी लागली नाही त्यांनी हौसेने उचलायला हरकत नाही, मात्र शिकलो कुणाकडून हे सांगावं आणि शिकवणीचे पैसे द्यावेत. मामा आधी पैसे घेईनात. ‘‘तुमचं चामडं, तुमची मेहनत, माझं काय गेलं?’’ मी कार्यशाळेची फी सांगितली. ते बराच वेळ हसले आणि मग घेतले.

पट्टा हातावर चढवून लेक मैदानावर उभी राहिली तेव्हा मी तिच्या मागे होते. बाण सुटला आणि चामड्यावर प्रत्यंचेचा सपकन आवाज झाला. तिने हाताकडे पाहिलंही नाही, पुढचा बाण काढला. प्रशिक्षक म्हणाले, पट्टा छान आहे, पण कोपर अजून आत येतोय. दोन्ही बरोबर होतं.

तुमच्याकडे धनुष्य नसेल तरी चालेल. शेजारच्या क्रीडासंकुलात, शाळेत, बांबूच्या धनुष्यावर शिकणारी मुलं असतील, त्यांच्यापैकी अनेकांकडे धड पट्टा नसतो. त्यांच्यासाठी शिवा. आणि शिकायला लांब जाऊ नका. तुमच्याही चौकात कुणीतरी मामा बसलेले असतील. त्यांच्या टपरीत बसायची परवानगी मागा, आणि शहरातल्या कार्यशाळेला जेवढी फी दिली असती, तेवढी त्यांच्या हातात ठेवा.